आगाशेबाईंची रानकेळ

आगाशेबाईंनी माझ्या चित्राला पहिल्याच महिन्यात नापास केलं, ही गोष्ट मी आजही चारचौघांत छाती पुढे काढून सांगतो.

अंबरनाथच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर होतो. देश नुकताच स्वतंत्र झालेला, आणि आमची शाळा त्याहून थोडीशीच जुनी. एका बैठ्या चाळीतल्या पाच खोल्या, मागे विहीर, आणि विहिरीच्या सांडपाण्यावर माजलेली कर्दळ. एवढ्या वैभवात आगाशेबाई शास्त्र शिकवायला आल्या. त्यांचे थोरले भाऊ ऑर्डनन्स फॅक्टरीत अधिकारी होते. त्यांच्याच क्वार्टरमध्ये बाई राहत. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ‘राहून गेलं’ एवढंच म्हणत, दुधाला विरजण लावायचं राहून जावं तसं.

आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे कर्दळीच्या फुलाचा तक्ता मागितला. मी तीन संध्याकाळी खपून काढला. लाल रंगावर पिवळे ठिपके असे उतरले होते, की मीच लांब उभा राहून पुन्हा पुन्हा बघत होतो. बाईंनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, “रंग सुंदर लागलाय. मास्तर, पाकळ्या मोजल्यात का?”

“मोजायच्या कशाला? दिसतायत की.”

त्या मागे जाऊन एक फूल तोडून घेऊन आल्या. पदराआडून पावडरीची चपटी डबी काढली. तीत दाढीचं अर्धं पातं असे. माझ्याच टेबलावर त्यांनी फूल सोलायला घेतलं. “ही सगळ्यांत बाहेरची तीन लहान निदलं. त्यांच्या आत या अरुंद, हिरवट, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही अशा तीन. या पाकळ्या. आणि तुम्ही ज्यांच्यावर एवढा लाल रंग खर्च केलात ना, ते पुंकेसर.”

“पुंकेसर? म्हणजे परागवाले?”

“परागवाले होते. ते काम सुटलं आणि त्यांनी पाकळ्यांचं काम पत्करलं. एकानं तेवढं जुनं काम ठेवलंय, तेही अर्धंच. हा बघा. एक कड पाकळी झालीय, आणि दुसऱ्या कडेला परागाची ही एवढीशी पिशवी.”

मला असा राग आला म्हणता! जन्मभर फुलं काढलेला मी, आणि ही बाई मला पाकळी दाखवणार? पण रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं, की मी जन्मभर फुलं काढली होती, पाहिली मात्र नव्हती. दुसऱ्या दिवशी नवा कागद घेतला. तो तक्ता पुढे शाळेत कायम टांगलेला राहिला, आणि त्याखाली माझी सही आहे.

‘मोजलंत का?’ हा बाईंचा परवलीचा प्रश्न होता. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या की आज सगळ्या मुली हजर आहेत, की आगाशेबाई विचारणार, “मोजल्यात का?” लग्नाहून आलेला कुणी हजार पान उठल्याचं सांगू लागला, की त्यालाही तेच. शेवटी शिक्षकांच्या खोलीत लोक त्यांच्यासमोर मोठे आकडे बोलेनासे झाले. शाळेचा मोठाच फायदा झाला.

उंच, सडसडीत, सुती पातळ घट्ट खोचलेलं, हातात पुरुषी छत्री. ती छत्री उघडलेली मी क्वचितच पाहिली. तिच्या वाकड्या मुठीनं फांद्या खाली ओढायच्या आणि पावसात ती उलटी धरून आत रोपं ठेवायची. छत्री हातात असून चिंब भिजलेली बाई अंबरनाथमध्ये एकच होती. मुली त्यांना सोनटक्का आणून देत, तो डोक्यात माळायच्या आधी एक फूल हमखास चिरलं जाई. सोनटक्क्यात पराग देणारा केसर एकच. त्याच्या दोन फाकांच्या मधून स्त्रीकेसराची तार सुईत दोरा ओवावा तशी बाहेर येते. ते सगळ्या वर्गाला दाखवून झालं, की उरलेली फुलं केसांत.

केळ, हळद, आलं, सोनटक्का, कर्दळ, आरारूट आणि पावसाळ्यात डोंगरात उगवणारं, जिन्यासारखी गोल गोल पानं चढवत जाणारं पेव, ही सगळी एकाच गणातली झाडं. पुस्तकात त्या गणाचं लॅटिन नाव होतं, ते उच्चारताना मुलींची बोबडी वळे. बाई त्याला ‘केळीचं घराणं’ म्हणत. विहिरीमागे या घराण्याचा त्यांनी एक वाफाच केला होता. घराण्याची खूण काय, तर सुरळी. यातल्या कुणाचंही नवं पान बघा, ते सुरळी होऊनच येतं. मुलींना पानं मोजायला लावली की त्या हटकून सुरळी सोडून देत, आणि बाई हटकून चिडत. “न उघडलेलं पान म्हणजे नसलेलं पान नव्हे! सुरळी धरून मोजा.”

शाळेच्या अध्यक्षांच्या घरच्या हळदीकुंकवात बोटाला हळद लावून घेता घेता त्यांनी बायकांना सांगितलं, की ही केळीची चुलत बहीण, हिच्याही फुलात पाच पुंकेसरांतला एकच कामाचा उरलाय. अध्यक्षीणबाई हळदीची वाटी धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. बाईंना पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

या बाईंना एकच ध्यास होता. आमच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गांना शास्त्र हा विषय नव्हता. त्याला शिक्षणखात्याची मान्यता लागे, आणि खात्याचं म्हणणं, प्रयोगशाळा नाही तर मान्यता नाही. शास्त्र घ्यायचं तर मुलीनं कल्याणला, मुलांच्या शाळेत जायचं. आणि कुठलं घर पाठवणार? मुली आठवीपर्यंत बाईंच्या हाताखाली डोळे चमकवत फुलं चिरायच्या आणि पुढे शिवणकामाला बसायच्या. बाईंच्या जिवाला ते लागायचं. “आठवीत दार उघडून दाखवायचं आणि नववीत तोंडावर लावायचं,” त्या म्हणत. “त्यापेक्षा दाखवूच नये.”

त्या मुलींत एक मोहिनी होती. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून यायची. फाळणीत सिंधमधून आलेलं घर, लष्करी बराकीत गोणपाटाचे पडदे लावून राहणारं. वडील तिकडे शाळामास्तर होते, इकडे टोपली घेऊन पापड विकत. पोरगी वर्षात मराठी शिकली. जिथे अडेल तिथे हिंदीचा टेकू. एकदा ती कमळाचे चिखलातले लांब कंद घेऊन आली. सिंधी लोक त्याला भे म्हणतात आणि आवडीनं खातात. “बाई, हा पण घराण्यात आहे ना? ये भी नीचे ही होता है.”

बाईंनी कंद आडवा कापला, आतली भोकं उजेडात धरून पाहिली. “नाही गं. कमळाचं घर वेगळं. मातीखाली असतात ते सगळे भाऊ नसतात. पण भाजी कशी करता ते सांग.” दुसऱ्या दिवशी त्यांनी ती भाजी करून मलाही डब्यात आणली. बाईंना स्वयंपाक येत नसे, एवढंच सांगतो.

मोहिनीला शास्त्रच घ्यायचं होतं. वडील म्हणाले होते, याच शाळेत मिळालं तर शिक, कल्याणला नाही, नाहीतर आईबरोबर पापड लाट. तेव्हापासून बाईंनी खात्याचा पिच्छा पुरवला, आणि एका वर्षी खरोखरच तपासणी ठरली. गणपतीनंतर खात्याचे डेप्युटीसाहेब येणार, धडा पाहणार आणि मान्यतेचं ठरवणार.

बाईंनी धडा ठरवला: केळीचं घराणं. पाच केसर, मग एक, मग अर्धा. फूल लाखो वर्षांत कसं बदलत गेलं, ते तीन फुलांत दाखवायचं. अर्धा कर्दळीत होता, एक सोनटक्क्यात. पाचांसाठी त्यांची रानकेळ होती.

रानकेळीचा कांदा आणायला त्या तीन-चार वर्षांपूर्वी बारवीकडच्या डोंगरात गेल्या होत्या, आणि ओझं उचलायला मी. भर उन्हाळ्यात. ही केळ कड्याच्या कपारीत वाढते. उन्हाळ्यात पानं जाऊन नुसता कांदा उरतो. पाड्यावरची भागी नावाची ठाकरीण वाट दाखवत होती. तिनं तो कांदा उकरून दिला आणि हसत सुटली. “बाय, यो न्यून काय करशील? भाजी खायाची तं मी आणून देईन की.”

“फुलायची वाट बघीन,” बाई म्हणाल्या.

“मग बस! ती एकदाच फुलतं न् मरतं.”

हे खरं होतं. घरच्या केळीला बुडाशी पिल्लं येतात, रानकेळीला येत नाहीत. सगळं आयुष्य एका फुलासाठी. मी म्हटलं, बाई, बाजारात केळफूल मिळतं, एवढा उपद्व्याप कशाला? त्या म्हणाल्या, “घरची केळ माणसानं लाडावलेली. बी नाही, पराग पोकळ. मूळची कशी होती ते रानातलीच सांगेल.” वाफ्याच्या टोकाला तो कांदा लावला. तपासणीच्या त्या भाद्रपदात वरची पानं आखूड येऊ लागली, तेव्हा बाईंचा चेहरा बघायला हवा होता. “येतंय, मास्तर. आत फूल निघालंय.”

तपासणी सुखरूप पार पडावी म्हणून मोठ्या बाईंनी आदल्या दिवशी शाळेत सत्यनारायण घातला. त्या सकाळी मी आणि आगाशेबाई कल्याणला एका ओळखीच्या मास्तरांकडून भिंगं मागून आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा आरती चालू होती. फाटकाला साहेबांच्या स्वागतासाठी केळीचे दोन खांब बांधलेले. उजवीकडची केळ सडपातळ. डावीकडची बुडाशी चांगली फुगलेली, काळपट, राजासारखी. बाई जागच्या जागी थांबल्या.

गणू शिपाई पुढे आला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. “बाई, कात्रपच्या वाडीत येकच गावली. म्हनलं जोडीला आपल्या घरचीच लावू. बुंधा बघा कसा भरदार! सायबाला शोभंल.”

आता वीज पडणार म्हणून मी भिंगांची पेटी छातीशी धरली. बाईंनी त्या बुंध्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग आत गेल्या, देवाला नमस्कार केला, तीर्थप्रसाद घेतला आणि शिक्षकांच्या खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी पेटी टेबलावर ठेवली. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, “रागवू कुणावर? माझ्याचसाठी तर देवाला साकडं घालत होते सगळे.” नाक पुसलं, आणि जरा वेळानं अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, “गणूला सांगा, आहे तशीच बांधलेली असू दे. ओलं गोणपाट गुंडाळून ठेवायचं, आणि सुकू द्यायचं नाही.”

डेप्युटीसाहेब बंद गळ्याचा कोट घालून आले. हार झाला, चहा झाला. आमचं शास्त्राचं कपाट त्यांनी उघडून पाहिलं आणि लगेच बंद केलं. “प्रयोगशाळा कुठे आहे?”

“आपण आत्ता जिच्याखालून आलात, ती,” आगाशेबाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. आगाशेबाई मुलींना घेऊन थेट फाटकापाशी गेल्या. साहेबांना मागे जावंच लागलं. गणूनं केळ सोडून गोणपाटावर आडवी केली, आणि बाईंनी कोयत्यानं तिला उभी चीर देऊन कोयता त्याच्या हातात परत दिला.

“हे खोड दिसतंय. खोड आहे का?”

“नाही बाई!” मुली म्हणाल्या. “पानांची देठं!”

“सोला. मोजत सोला.”

मुली एकेक थर काढू लागल्या. एकात एक बसलेली ओली, पांढरी, जाळीदार देठं. रस्त्यावरून जाणारे कामगार सायकली थांबवून बघत उभे राहिले. शेवटी मधोमध मनगटाएवढा पांढरा शुभ्र दांडा उरला. “हे खरं खोड. फुलायचं ठरलं, की मगच हे वर निघतं.” दांड्याच्या टोकाला, अजून अंधारातच असलेलं, मुठीएवढं मिटलेलं केळफूल होतं.

गणूच्या हातातला कोयता खाली आला. “बाई, ह्ये आत व्हतं?”

“होतं. वाटेत होतं.”

“मला बोल्ला का न्हाई?” त्यानं डोक्यावरची टोपी काढली. बाई म्हणाल्या, “तू देवासाठी तोडलीस, मी शाळेसाठी चिरली. संपलं. भिंग धर.”

पहिलं पातळ आवरण उघडलं. आत तांदळाच्या दाण्यांएवढी फुलं ओळीत बसलेली. बाईंनी पात्यानं एक दाणा उघडून भिंगाखाली ठेवला आणि पहिला मान साहेबांना दिला. साहेब वाकले. वाकून राहिले. “पाच,” ते म्हणाले. मग सोनटक्का: एक. मग कर्दळ: अर्धा. तीन फुलं एकाच गोणपाटावर शेजारी शेजारी.

साहेब सरळ झाले. “ठीक. पण या मुलींना उत्क्रांती कळते का? की नुसतं पाठ?” आणि त्यांनी बोट केलं, ते नेमकं मोहिनीकडे.

मोहिनी उभी राहिली. पाठ केलेलं तिला सगळं येत होतं, पण ती ते बोलली नाही. “सर, पाच होते, एक राहिला, मग आधा. बाकीचे मेले नाय. त्यांचं काम गेलं, तर ते घरातच राहिले आणि दुसरं काम करायला लागले. रंग झाले. ते दिसतात म्हणून तर माशी येते.” थोडं थांबून ती म्हणाली, “जैसे मेरे बाबा. तिकडे मास्तर होते. इकडे पापड विकतात. पण घर त्यांच्यावरच चालतं.”

मोठ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझंही नाक चुरचुरायला लागलं. आगाशेबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, “उदाहरण चांगलं आहे, पण एक फरक लिहून ठेव. फुलाला लाखो वर्षं लागली. तुझ्या वडिलांनी ते एका वर्षात केलं.”

त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, त्याला काय म्हणू? माझं त्यात काय होतं? भिंगांची पेटी मी उचलली होती, एवढंच. पण वाटलं, की मी या शाळेत आहे, या बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो, बस्स.

साहेबांनी पुन्हा भिंग उचललं. “या फुलांत सगळं तिना-तिनाचं, त्या हिशेबात केसर सहा हवेत. सहावा कुठे गेला?”

बाईंचा चेहरा उजळला. “तो या घराण्यानं फार आधीच सोडला. कधी, ते मला ठाऊक नाही. या मुलींपैकी कुणीतरी शोधावं, म्हणून तर मान्यता मागतेय.”

मान्यता आली. दिवाळीनंतर शास्त्राचा वर्ग सुरू झाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात गणू शिपाई कुणाला न सांगता डोंगरात जाऊन, भागीच्या हातापाया पडून, रानकेळीचा नवा कांदा खांद्यावर घेऊन आला. बाईंनी त्याला पाणी दिलं, मग कांद्याला. मोहिनी आमच्या पहिल्या तुकडीतून मॅट्रिक झाली. तिचे वडील पेढे घेऊन आले नाहीत, पापडांची अख्खी टोपली घेऊन आले, आणि बाईंना नमस्कार करताना एक मास्तर दुसऱ्या मास्तराला करतो तसा केला.

भाऊ नोकरीतून निवृत्त होऊन साताऱ्याला निघाले, तेव्हा बाईही निघाल्या. तोवर मोहिनी बी.एस्सी. होऊन आमच्याच शाळेत शास्त्राची बाई म्हणून आली होती. आता आम्हाला स्वतःची इमारत होती, विहिरीमागचा वाफा मात्र तसाच ठेवलेला. निरोपाच्या दिवशी फाटकाला केळी बांधलेल्या बघून बाई थबकल्या. गणूनं दोन्ही हात वर केले. “देवाशप्पत बाई, दोनी कात्रपच्या हायेत!” बाईंनी तरी वरची पानं चाचपली. “हं. यांच्यात फूल नाही,” म्हणाल्या आणि टांग्यात बसल्या. मांडीवर नारळ, गळ्यात हार, हातात ती छत्री.

गणूनं आणलेला कांदा अगदी कोवळा होता, त्यामुळे त्या रानकेळीला अजून फूल आलेलं नव्हतं. ती आता कुंपणाच्या भिंतीवरून डोकावण्याएवढी झाली होती, आणि पानं आखूड यायला लागली होती. टांगा भिंतीला वळसा घालून निघाला. आम्ही सगळे हात हलवत होतो. बाई मागे वळून बघत होत्या, पण आमच्याकडे नव्हे. त्यांची नजर भिंतीवरच्या त्या पानांवर होती, आणि हवेत एक बोट हळूहळू पुढे सरकत होतं. मी शेजारी पाहिलं, तर मोहिनीचेही ओठ हलत होते.

“बाई, आठ!” ती ओरडली.

टांगा कोपऱ्यावर पोचला होता. तिथून छत्री बाहेर आली आणि मागोमाग आवाज. “नऊ! सुरळी धर!”